कॉलेजमध्ये मतदार नोंदणी: फॉर्मपासून बोटाला शाई लागेपर्यंत

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. कॉलेजला सुट्टी होती. आमच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी केस धुऊन उन्हात बसलं होतं, आणि बहुतेकींच्या बोटाला शाई नव्हती. मी रासेयोची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका. वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले आणि कारण विचारलं. "मला त्यात रस नाही" म्हणणाऱ्या दोघीच निघाल्या. बाकीच्यांचं म्हणणं असं होतं: नाव गावाकडे आहे आणि परवा प्रॅक्टिकल आहे. फॉर्म भरला होता, पुढे काय झालं कळलं नाही. कार्ड आहे, पण यादीत नाव सापडत नाही. एक जण तर म्हणाली, "ताई, तुमच्याच शिबिरात भरला होता की मी."

ते शिबिर आम्ही त्याच वर्षी २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी घेतलं होतं. रांगोळी काढली, प्रतिज्ञा घेतली, फेरी काढली. दीडशेच्या आसपास कागदी फॉर्म गोळा केले आणि गठ्ठा बांधून मी तहसील कार्यालयात नेला. तिथे कळलं की एकाच माणसाने आणलेला असा गठ्ठा स्वीकारत नाहीत. फॉर्म परत आले, परीक्षा लागल्या, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कपाटातच राहिले. मी आधी चौकशी केली असती तर त्या मुलींनी नोव्हेंबरमध्ये मतदान केलं असतं.

पुढची दोन वर्षं मी हेच काम नीट शिकत केलं. यंदा पहिल्यांदा नोंदणीचं टेबल सांभाळणार असाल, वर्गप्रतिनिधी असाल, रासेयोत असाल किंवा कॉलेजच्या निवडणूक साक्षरता मंडळात असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. फक्त स्वतःचं नाव लावायचं असेल तर २ ते ७ वाचा.

१. आधी माणसं गाठा, मग तारीख ठरवा

तीन माणसांशी तुमचा संबंध येतो. मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी. त्यांच्या हाताखाली सहायक मतदार नोंदणी अधिकारी, म्हणजे सहसा तहसीलदार. आणि प्रत्यक्ष घरी येऊन खात्री करतात ते बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बीएलओ हे बहुतेकदा शाळेचे शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी असतात. स्वतःची नोकरी सांभाळून ते हे काम करतात, हे लक्षात ठेवून त्यांना वेळ मागा.

तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन जा. पत्रात तीनच गोष्टी लिहा: हॉस्टेलमध्ये किती मुलंमुली आहेत, शिबिर कोणत्या दिवशी घ्यायचं आहे, आणि त्या भागाचे बीएलओ उपस्थित राहू शकतील का. बीएलओ कोण हे माहीत नसेल तर १९५० या हेल्पलाइनवर विचारा.

एक मात्र आधीच समजून घ्या. हॉस्टेलच्या भागाचे बीएलओ फक्त त्यांच्या भागापुरते फॉर्म घेऊ शकतात. नांदेडच्या मुलाला नांदेडलाच नाव लावायचं असेल तर पुण्याच्या बीएलओंना त्याचं काही करता येत नाही. त्याने ऑनलाइन फॉर्म भरताना स्वतःचा जिल्हा आणि विधानसभा मतदारसंघ निवडला की अर्ज थेट तिकडच्या अधिकाऱ्याकडे जातो. म्हणून आता आमच्या शिबिराचा मुख्य भार संगणक प्रयोगशाळेवर असतो. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवरून, आपल्या लॉगिनने, आपला अर्ज भरायचा. गठ्ठ्याचा प्रश्नच येत नाही.

२. नाव कुठे लावायचं, हे पहिल्यांदा ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आम्ही आता फॉर्म हातात देण्याआधी प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवतो आणि हेच बोलतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार माणूस जिथे सामान्यतः राहतो तिथे त्याचं नाव लागतं, आणि ते एकाच ठिकाणी लागतं. विद्यार्थ्यांना मात्र एक सवलत आहे. तुम्ही शिक्षणसंस्थेच्या हॉस्टेलमध्ये राहत असाल आणि तुमचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा असेल, तर आईवडिलांच्या घरी नाव लावायचं की हॉस्टेलच्या पत्त्यावर, हे तुम्ही निवडू शकता. हॉस्टेलचा पत्ता निवडला तर प्राचार्य, रजिस्ट्रार किंवा डीन यांच्या सहीचं बोनाफाइड जोडायचं. ते निवडणूक आयोगाने दिलेल्या नमुन्यातच हवं. कॉलेजच्या खिडकीवर मिळणारं बस पासचं बोनाफाइड चालत नाही, आणि यात बऱ्याच जणांचा आठवडा जातो. नमुना फॉर्म ६ च्या, म्हणजे पहिल्यांदा नाव लावायच्या अर्जाच्या, मार्गदर्शक सूचनांबरोबर दिलेला आहे. तो आधीच ऑफिसला छापून द्या आणि सह्यांसाठी एक दिवस ठरवून घ्या.

मग कुठलं निवडायचं? माझं मत सांगते. गाव एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर असेल, दिवाळी-गणपतीला घरी जाणं होत असेल आणि गावच्या प्रश्नांत तुमचा जीव असेल, तर गावीच ठेवा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या निवडणुकांनाही विधानसभेचीच यादी वापरतात. नाव शहरात आणलं की सरपंचाच्या निवडणुकीतलं तुमचं मत गेलं, हे नीट कळून निर्णय घ्या. उलट गाव लांब असेल, चार वर्षांचा कोर्स असेल आणि मतदानाच्या दिवशी पोहोचणं दरवेळी अवघड जाणार असेल, तर हॉस्टेलच्या पत्त्यावर लावा. पाणी, रस्ते, बस हे तुम्ही इथलंच वापरता.

घरच्यांना भीती असते की नाव हलवलं तर रेशनकार्डातून नाव जाईल, जातीच्या दाखल्याला अडचण येईल. तसं होत नाही. ती कागदपत्रं वेगळी, त्यांची कार्यालयं वेगळी. मुलांसमोर फोन लावून पालकांना हे सांगा, त्यांना बरं वाटतं.

कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) किंवा खासगी खोलीत राहणाऱ्यांसाठी हॉस्टेलची ही सवलत नाही. त्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि घरमालक सहसा करार नोंदवत नाहीत. त्या पत्त्यावर बँकेचं पासबुक असेल तर तेही चालतं. दोन्ही नसेल तर सरळ घरच्या पत्त्यावर नाव लावा.

धोक्याची जागा: गावी नाव असताना शहरात पुन्हा फॉर्म ६ भरू नका. ती दुबार नोंदणी होते. फॉर्म ६ च्या शेवटी "माझं नाव दुसरीकडे नाही" असं प्रतिज्ञापत्र असतं, आणि खोटं प्रतिज्ञापत्र दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्यांचं नाव आधीच कुठेतरी आहे त्यांनी स्थलांतरासाठी फॉर्म ८ भरायचा. बऱ्याच मुलांचं नाव घरच्यांनी किंवा गावातल्या कार्यकर्त्याने परस्पर लावलेलं असतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून फॉर्म उघडण्याआधी आयोगाच्या व्होटर्स पोर्टलवर स्वतःचं नाव शोधायला लावा.

३. कोणता फॉर्म कशाला

- फॉर्म ६: आयुष्यात पहिल्यांदा नाव लावायला.
- फॉर्म ८: पत्ता बदलायला, नाव-जन्मतारीख-फोटो दुरुस्त करायला, हरवलेल्या कार्डाच्या जागी नवं मागायला, दिव्यांग अशी नोंद करायला.
- फॉर्म ७: यादीतलं नाव वगळायला किंवा नावावर हरकत घ्यायला. मृत आजोबांचं नाव अजून यादीत असेल तर हाच.
- फॉर्म ६-अ: परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी. तिकडे शिकायला गेलेल्या सीनियरला हा सांगा.

शेवटच्या वर्षाची मुलं पदवीधर मतदारसंघाबद्दल विचारतात. ती यादी वेगळी, तिचा फॉर्म १८ वेगळा, आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली लागतात. आत्ता त्यांचा तिथे काही संबंध नाही.

४. वय आणि तारखा

मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अठरा कोणत्या दिवशी पूर्ण झालेलं हवं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. फेब्रुवारीत अठरा पूर्ण झालेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. २०२२ पासून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे अकरावी-बारावीच्या वर्गांना वगळू नका. बारावीची मुलं घरीच असतात, बीएलओही ओळखीचे असतात, त्यांचं काम सर्वांत लवकर होतं.

निवडणूक जाहीर झाल्यावरही अर्ज घेतात, पण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी यादीत भर पडत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावेच लागतात. म्हणून त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज गेला पाहिजे.

स्थानिक निवडणुकांचं वेगळं आहे. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेची एका ठरावीक दिवसाची यादी उचलून ती प्रभागनिहाय फोडतो. नगरपालिका-महानगरपालिकांच्या अलीकडच्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ऑगस्टमध्ये नाव लावलेल्या आमच्या कित्येक मुलांच्या हातात कार्ड होतं आणि मत नव्हतं. हे त्यांना आधी सांगितलं नाही तर ती चिडतात, आणि पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

५. काय काय जवळ हवं

- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पासपोर्ट आकाराचा रंगीत फोटो. प्रयोगशाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून मोबाइलने काढला तरी चालतो. चेहऱ्यावर सावली नको.
- जन्मतारखेचा पुरावा: जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख छापलेलं दहावी-बारावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. यांतलं एक पुरतं.
- पत्त्याचा पुरावा: आधार, बँक किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, पाणी-वीज-गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत. हॉस्टेलसाठी वर सांगितलेलं बोनाफाइड.
- घरातल्या कुणाच्या तरी मतदार ओळखपत्राचा क्रमांक. हा जरूर घाला. त्यावरून तुमचं नाव घरच्यांच्याच यादीभागात पडतं. नाहीतर आई एका शाळेत आणि तुम्ही दुसऱ्या शाळेत, असं होतं.
- आधारला जोडलेला मोबाइल.

शेवटच्या मुद्द्याने आमचं एक अख्खं शिबिर रखडलं होतं. आधारला जोडलेला नंबर बहुतेकांच्या वडिलांचा असतो आणि फोन गावी असतो. ई-स्वाक्षरीचा ओटीपी तिथे जातो. एका मुलीने फोन लावला तेव्हा वडील उसाला पाणी देत होते. "बाबा, मेसेज आलाय बघा, सहा आकडे आहेत." त्यांनी चिखलाचे हात पुसले, चष्मा शोधायला घरी गेले, आकडे वाचून दाखवले, तोवर वेळ संपली होती. तिसऱ्या खेपेला जमलं. आता आम्ही आदल्या दिवशीच घरी निरोप द्यायला सांगतो: उद्या अकरा ते एक फोन जवळ ठेवा, चष्माही ठेवा, आणि आकडे फक्त मुलालाच सांगा, दुसऱ्या कुणाचा फोन आला तर नाही.

६. फॉर्म भरताना

आयोगाच्या व्होटर्स पोर्टलवर किंवा ॲपवर मोबाइल नंबराने लॉगिन करा. राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ निवडताना घाई नको. पुण्यात राहणारा मुलगा हडपसरचा की पुणे कॅन्टोन्मेंटचा, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या किंवा मेसवाल्या काकूंच्या कार्डावरून खात्री करा.

आणि मराठी नाव डोळ्यांनी वाचा. इंग्रजीत नाव टाइप केलं की देवनागरी आपोआप येते, आणि तिथे ळ चा ल होतो, ण चा न होतो. काळे ची काले, शेळके ची शेलके. यादीत तेच छापून येतं आणि मग नावाने शोधताना सापडत नाही. आमच्या टेबलावर एका मुलाला फक्त एवढंच काम असतं. सबमिट करण्याआधी तो प्रत्येकाला मराठी नाव मोठ्याने वाचायला लावतो. वडिलांचं नाव, आडनाव, गावाचं नाव, सगळं. दुरुस्तीला नंतर पुन्हा फॉर्म ८ आणि पुन्हा महिना जातो, त्यापेक्षा हे अर्धं मिनिट परवडतं.

आधार क्रमांक नसेल तर तसं नोंदवायचा पर्याय फॉर्ममध्ये आहे. लिंगाच्या रकान्यात तृतीयलिंगी हा पर्याय आहे. टेबलावरच्या मुलांनी तो रकाना दुसऱ्याच्या वतीने, न विचारता भरू नये.

सबमिट झाल्यावर संदर्भ क्रमांक येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि वहीत उतरवा. नाव, वर्ग, फॉर्मचा प्रकार, संदर्भ क्रमांक, तारीख. तुमच्या सगळ्या कामाचा पाया ही वही आहे.

७. पडताळणी आणि यादी

इथे सर्वांत जास्त अर्ज बुडतात. बीएलओ दुपारी हॉस्टेलवर येतात, मुलं लेक्चरला असतात, वॉचमन म्हणतो "असं कुणी नाही इथे", आणि अर्ज "पत्त्यावर आढळला नाही" म्हणून नामंजूर होतो. उपाय साधा आहे. अर्जदारांची खोली क्रमांकासह यादी रेक्टरकडे आणि एक प्रत वॉचमनकडे द्या. बीएलओंशी बोलून संध्याकाळची वेळ घ्या आणि त्या वेळी सगळ्यांना मेसमध्ये थांबवा. आमच्याकडे बीएलओ बाई आल्या तेव्हा मेसच्या काकूंनी त्यांना चहा-पोहे दिले. तासाभरात त्यांनी सगळ्यांची खातरजमा केली आणि जाताना म्हणाल्या, एरवी चार चकरा मारूनही एवढं होत नाही.

गावी अर्ज केलेल्यांनी आईवडिलांना सांगून ठेवायचं की बीएलओ येतील, मुलगा शिकायला बाहेर आहे पण घर हेच, असं सांगा.

दर सोमवारी वही उघडा आणि संदर्भ क्रमांक तपासा. नामंजूर झालं असेल तर कारण वाचून लगेच पुन्हा अर्ज करा. मंजूर झाल्यावर कार्ड पोस्टाने येतं आणि हॉस्टेलच्या पत्त्यावरचं पाकीट सुट्टीत परत जातं, म्हणून पोर्टलवरून ई-एपिक, म्हणजे मतदार कार्डाची डिजिटल प्रत, उतरवून ठेवा.

कार्ड हातात आलं म्हणजे झालं, असं कुणालाही वाटू देऊ नका. मत यादीतल्या नावावर मिळतं. निवडणूक जाहीर झाल्याच्या दिवशी वर्गावर्गात जा आणि "मतदान करणार ना?" असं विचारू नका. "फोन काढा, नाव शोधा, यादीभाग आणि अनुक्रमांक दाखवा" असं सांगा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. दुसऱ्याने खरी स्थिती कळते, आणि दुरुस्तीला दिवस हातात असतात.

८. मतदानाचा आठवडा

परीक्षा आणि प्रॅक्टिकलच्या तारखा मतदानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी येत असतील तर गावी नाव असलेल्यांचं मत गेलंच म्हणून समजा. कार्यक्रम जाहीर होताच किती विद्यार्थ्यांचं मतदान कुठे आहे, ही यादी जोडून प्राचार्यांना लेखी विनंती द्या. वहीमुळे ही यादी दहा मिनिटांत तयार होते. आमच्याकडे प्रॅक्टिकल दोन दिवस पुढे गेलं ते या यादीमुळेच.

एसटीचं आरक्षण गटाने करा, एकेका मार्गावरची मुलं एकत्र बांधा. एकटं कुणी निघत नाही, चौघं असली की निघतात. उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या गाडीतून जाऊ नका. मतदारांना अशी वाहनं पुरवणं कायद्याने भ्रष्ट आचरण ठरतं. कॅफेत, दुकानात काम करून शिकणाऱ्यांना मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळण्याचा हक्क आहे, रोजंदारीवर असले तरी. हे त्यांच्या मालकाला सांगायला तुम्ही सोबत जा.

कॉलेजचं आयकार्ड केंद्रावर चालत नाही. दरवेळी कुणीतरी तेवढंच घेऊन जातं. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक-पोस्टाचं पासबुक यांतलं एक मूळ प्रतीत न्या. घरी येणारी मतदार चिठ्ठी केंद्र शोधायला उपयोगी, पण ओळखपत्र म्हणून ती धरत नाहीत.

आत मोबाइल नाही, फोटो नाही. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघूनच बाहेर या. कुणीच पसंत नसेल तर २०१३ पासून नोटाचं बटण आहे. आणि केंद्रावर गेल्यावर "तुमच्या नावाने मतदान झालंय" असं ऐकायला मिळालं तर मान खाली घालून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी खऱ्या मतदाराला मिळणारी कागदी मतपत्रिका, मागा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. आमच्या गटातल्या एका मुलावर ही वेळ आली. त्याला शब्द माहीत होता म्हणून तो मत देऊन बाहेर आला.

९. टेबलावर पाळायच्या गोष्टी

शिबिरात कुठल्याही पक्षाचं उपरणं, बॅनर, प्रायोजकत्व नको. स्थानिक नेत्याच्या हस्ते उद्घाटनही नको, मग तो माजी विद्यार्थी असला तरी. एकदा रंग चढला की निम्मी मुलं टेबलाकडे फिरकत नाहीत.

आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर कागदपत्रांचे फोटो मागवू नका. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर अपलोडसाठी ठेवलेल्या फाइली संध्याकाळी स्वतः पुसा, रिसायकल बिनसुद्धा. मुलींच्या मोबाइल नंबरांची वही कपाटात, कुलपात. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की ती पुढच्या बॅचच्या स्वयंसेवकाच्या हातात समक्ष द्या, आणि कोणाचा अर्ज कुठे अडकलाय ते त्याच्यासोबत बसून एकेक ओळ वाचून दाखवा.